पुढच्या चाकांचे बुश आणि शेवटचा बोल्ट

घाटातून माल पोहोचवून परतलेला चालक दुकानाच्या पायरीवर उभा राहून सांगतो, ‘शेठ, खड्ड्यात गाडी पुढून ठोका देते.’ गिऱ्हाइकांच्या गर्दीत ते बोलणे मागे पडते आणि गाडी पुन्हा भरली जाते. काही आठवड्यांनी पुढचे टायर आतल्या कडेने झिजलेले दिसतात. उतारावर ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढू लागते. तेव्हा कुठे त्या ठोक्याची आठवण होते.

टोयोटा हायलक्स किंवा इसुझू व्ही-क्रॉस यांसारख्या फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपमध्ये पुढचे प्रत्येक चाक वरच्या व खालच्या अशा दोन आर्मवर तोललेले असते. हे आर्म चासीला जेथे जोडले जातात, तेथे बुश बसवलेले असतात. बुश म्हणजे लोखंडाच्या दोन नळ्या आणि त्यांच्यामध्ये घट्ट चिकटवलेले रबर. आतली नळी बोल्टने चासीला आवळलेली असते, तर बाहेरची आर्ममध्ये ठोकून बसवलेली असते. चाक वरखाली होताना मधले रबर पिळते आणि पुन्हा मूळ स्थितीस येते. उष्णता, सांडलेले तेल आणि वय यांमुळे हे रबर तडकते. मग आर्म जागच्या जागी राहत नाही, चाकाचा कोन बदलतो आणि अलाइनमेंट कितीही वेळा केले तरी टिकत नाही.

मात्र प्रत्येक ठोका बुशचाच असतो असे नाही. बॉल जॉइंट किंवा शॉक अॅब्सॉर्बर झिजल्यासही तसाच आवाज येतो. म्हणून जाणता कारागीर आधी पहार लावून आर्म हलवून पाहतो आणि रबरावरील भेगा तपासतो. दोष सापडल्यावरच सुटे भाग मागवावेत. एका बाजूचे बुश गेले असल्यास दुसऱ्या बाजूचेही त्याच वेळी बदलणे हिताचे, कारण त्यांचे वय सारखेच असते.

काम करताना गाडी केवळ जॅकवर ठेवणे प्राणघातक ठरू शकते. चासीखाली भक्कम स्टँड हवेतच. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये मोठी शक्ती साठलेली असते, म्हणून आर्म सोडवण्यापूर्वी ती सुरक्षितपणे सैल करावी लागते. अलाइनमेंटच्या बोल्टची मूळ जागा खुणेने नोंदवली जाते. पुढच्या चाकांना जोर देणारे अॅक्सल लोंबकळत ठेवले तर त्यांचे रबरी बूट फाटतात, हेही लक्षात घ्यावे लागते. जुने बुश हातोड्याने न ठोकता प्रेसवर काढावे आणि नवे बसवताना त्यांची दिशा पूर्वीचीच ठेवावी.

खरी चूक होते ती शेवटी. चाके हवेत लोंबत असतानाच बोल्ट पूर्ण आवळले, तर रबर त्या स्थितीत जखडते. गाडी खाली येताच ते कायमचे पिळलेले राहते आणि नवे बुशही अल्पावधीत फाटते. म्हणून बोल्ट आधी हलके लावून, गाडीचा भार चाकांवर आल्यावरच टॉर्क पान्याने ठरलेल्या मापात आवळायचे असतात. त्यानंतर अलाइनमेंट करायचे. गाडी ताब्यात घेताना मालकाने विचारावा असा प्रश्न एकच: ‘शेवटचे बोल्ट चाके जमिनीवर असताना आवळले ना?’

बदललेल्या बुशची तारीख आणि किलोमीटर गाडीच्या वहीत लिहून ठेवल्यास पुढची तपासणी वेळेवर होते. त्याच वहीत चालकाची प्रत्येक तक्रारही नोंदवावी. घाटाच्या उतारावर सुकाणू त्याच्या हाती असते, आणि गाडीतला बदल सर्वांआधी त्यालाच जाणवतो.