शेवटचं पान

परवा आमच्या सोसायटीच्या बोर्डावर कागद लागला होता. 'उन्हाळी शिबिर : व्यक्तिमत्त्व विकास, स्टेज डेअरिंग आणि टेबल मॅनर्स'. शेजारची नववीतली मुलगी शिबिराहून आली ती थेट माझ्याच घरात. "काकू, काटा डाव्या हातात, सुरी उजव्या. जेवण झालं की दोन्ही शेजारी शेजारी ठेवायचे. आणि सूप पिताना अजिबात आवाज करायचा नाही!"

मी म्हटलं, "आणि जपानात जाऊन नूडल्स खाल्ल्यास तर? तिथे भुरके मारले म्हणून कुणी नाक मुरडत नाही."

तिला ते खरंच वाटेना. मग आम्ही दोघी गप्पा मारत बसलो. जपानात भुरके चालतात, पण भाताच्या वाडग्यात काड्या उभ्या खोचणं मात्र अशुभ, कारण तसा भात मृतासमोर ठेवतात. कोरियात वडीलधाऱ्यांनी चमचा उचलल्याशिवाय धाकट्यांनी सुरुवात करायची नाही. थायलंडमध्ये काट्याने भात चमच्यात ढकलायचा आणि चमच्याने खायचा. इथिओपियात आंबवलेल्या पिठाची 'इंजेरा' नावाची मोठी, आपल्या आंबोळीच्या जातीची पोळी असते. तिच्याभोवती बसून सगळे एकत्र जेवतात आणि जिवाभावाच्या माणसाला स्वतःच्या हाताने घास भरवतात.

"आणि आपल्याकडे?"

आपल्याकडे काय कमी आहे? मीठ पानाच्या वरच्या बाजूला मध्यभागी, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी. भातावर वरण, वरणावर तूप. श्लोक झाल्याशिवाय घास उचलायचा नाही आणि पंगत उठल्याशिवाय पानावरून उठायचं नाही. मी अगदी रंगून सांगत होते.

"मग काकू, वाढणाऱ्या बायका कधी जेवायच्या?"

पोरीने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. आमच्या लहानपणी आधी पुरुषांची पंगत, मग आम्हा मुलांची, आणि सगळ्यात शेवटी आई, काकू, आजी. तोवर आमटीत पाणी वाढलेलं असायचं आणि भाजीचा तळ खरवडलेला. आई जेवायला बसलेली मला फारशी आठवतच नाही. आठवते ती वाढणारी आई. आणि माझं तरी काय वेगळं? संध्याकाळची कल्याण फास्ट पकडून घरी यायचं, पर्स टाकली की ओट्याशी उभं राहायचं. "तुम्ही बसा, मी गरम पोळ्या देते." शेवटची, गार झालेली पोळी मी ओट्यापाशीच उभ्या उभ्या खायची.

जेवणाचे रीतिरिवाज म्हटलं की आम्हा कल्याणकरांना डॉ. आनंदीबाई जोशी आठवायला हव्यात. कल्याणच्या जोशांकडे वाढलेली ही यमुना १८८३ साली, अवघ्या अठराव्या वर्षी, डॉक्टर व्हायला अमेरिकेला गेली. आपला वेश आणि आहार बदलणार नाही, असं तिने जाण्यापूर्वी श्रीरामपूरच्या भाषणात जाहीर सांगितलं होतं. ते श्रीरामपूर बंगालमधलं. परक्या देशात, परक्या टेबलावर तिने आपलं शाकाहारी जेवण सांभाळलं आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून एम.डी. होऊन परतली. पुढच्याच वर्षी, बाविसावं वर्ष पुरं होण्याआधी, क्षयाने गेली.

तिच्या पतीची, गोपाळरावांची गोष्ट तर आणखी बोलकी. १८९० साली त्यांनी पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे यांच्यासारख्या मंडळींना बोलावणं केलं. तिथे चहा-बिस्किटं पुढे आली. कुणी चहा घेतला, कुणी नुसता हातात घेऊन ठेवून दिला. गोपाळरावांनी सगळ्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली! केवढा गदारोळ उडाला. प्रकरण थेट शंकराचार्यांपर्यंत गेलं, पुढे प्रायश्चित्तं झाली. एका कपभर चहासाठी! चहा कसा प्यायला याची चौकशी कुणी केली नाही. तो कुणाच्या हातचा आणि कुणाबरोबर, एवढंच सगळ्यांना हवं होतं.

म्हणूनच मला वाटतं, काटा कुठल्या हातात हा प्रश्न फार धाकटा आहे. पंगतीला कोण बसलंय आणि कोण बाहेर उभं आहे, हा खरा प्रश्न. जातीच्या पंगतींवर निदान भांडणं झाली, लेख लिहिले गेले. घरातल्या बाईच्या शेवटच्या पानावर मात्र कुणाला प्रायश्चित्त सांगावंसं वाटलं नाही. आपण तर त्याला 'अन्नपूर्णा' असं गोड नाव देऊन मोकळे झालो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याला कारणं अनेक, पण उरलंसुरलं खाण्याची सवय नक्कीच त्यात भर घालते.

त्या पोरीच्या प्रश्नानंतर आमच्याकडे एक बदल केला. पोळ्या आधी करून डब्यात ठेवायच्या, भांडी सगळी टेबलावर आणायची, ज्याने त्याने वाढून घ्यायचं आणि सगळ्यांनी एकदम बसायचं. पहिल्या दिवशी ह्यांनी "गरम पोळीची मजा गेली" म्हणून कुरकुर केली. सासूबाई तर चार वेळा उठल्या. कधी मीठ, कधी पाणी, कधी उगीचच. खरं सांगू? मलाही अपराधी वाटत होतं. घरच्यांना पोळी गार आणि मी आपली खुर्चीत! तव्यावरची पोळी अजूनही आठवड्यातून एकदा होते. पण त्या दिवशी तव्यापाशी पाळीपाळीने सगळेच उभे राहतात, मुलगासुद्धा. त्याच्या पोळीला नकाशाचा आकार येतो, पण फुगते छान.

तेव्हा मैत्रिणींनो, मुलांना काटा-सुरी जरूर शिकवा. परदेशी गेली तर उपयोगी पडेल. पण त्याआधी एक साधा नियम शिकवा. पहिला घास घेण्याआधी मान वर करून बघायचं, घरातलं कुणी बसायचं राहिलंय का?

आणि तुम्ही? आज रात्री बसाल ना सगळ्यांबरोबर?