लॉग लपवणाऱ्यांनो, जरा नारायण पेठेत या!

"युजरला लॉग काय करायचाय?" आयटीतल्या सहा वर्षांत हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता डोक्यात जातं. कबूल करतो, मीही ते बोललोय.

नारायण पेठेत, केसरीवाड्यापासून हाकेच्या अंतरावर, मित्राच्या काकांचं डीटीपीचं दुकान आहे. त्यांच्याकडे श्रीलिपीत केलेल्या जुन्या पुस्तकांच्या ढीगभर फाइली. अशा जुन्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. फॉन्ट नसला की सगळं अगम्य. तो मजकूर युनिकोडमध्ये आणायला मी पायथॉन-टीकेइंटरमध्ये छोटं ॲप्लिकेशन लिहून दिलं. एक बटण, एक हिरवी पट्टी. एकदम देखणं!

एका संध्याकाळी काकांचा फोन. "अरे, 'काम झालं' म्हणतंय, पण दोन धडेच गायब आहेत!" दोन फाइली वाचता आल्या नव्हत्या. प्रोग्रामने तशी नोंदही केली होती, पण कुठल्या तरी आडबाजूच्या फोल्डरात. छपाईला द्यायच्या आधी काकांनी पाहिलं म्हणून वाचलो.

मग रविवार घालवून लॉगची चौकट बसवली. अवघड काही नाही. काम वेगळ्या थ्रेडवर, पण त्या थ्रेडने खिडकीला हात लावायचा नाही. त्याने ओळी क्यूमध्ये टाकायच्या (पायथॉन ३.२ पासून, म्हणजे २०११ पासून, क्यूहँडलर आयता मिळतो). मुख्य थ्रेडने 'आफ्टर' वापरून दर १०० मिलिसेकंदांनी त्या उचलून दाखवायच्या. चौकटीत शेवटच्या हजार ओळी, बाकी सगळं यूटीएफ-८ फाइलीत. चुका लाल रंगात. कोणी वर जाऊन वाचत असेल तर त्याला ओढून खाली आणायचं नाही. आणि पासवर्ड तेवढे लॉगमध्ये टाकू नका, राव.

"पण लोक लॉग बघून घाबरतात!" साहजिक आहे. "एरर १३" वाचून कोण घाबरणार नाही? "धडा ७ ची फाइल वाचता आली नाही, ती दुसरीकडे उघडी आहे का बघा" असं लिहा. पुढच्या वेळी काकांनी ही लाल ओळ वाचली, फाइल बंद केली आणि पुन्हा बटण दाबलं. मला फोनसुद्धा नाही!

खरं सांगू? लॉग दिसला की आपल्या चुका दिसतात, म्हणून आपण तो लपवतो. युजरला कळत नाही हे निव्वळ निमित्त.

असो. पटत नसेल तर बोला, पण आधी तुमच्या ॲप्लिकेशनचा लॉग दाखवा.