अंगठा उठविण्यापूर्वीं

बाजारचा दिवस असतो. भाजीचें गाठोडें मागें बांधून एखादा शेतकरी मोटारसायकलीवरून तालुक्याच्या गांवीं निघालेला असतो, किंवा एखादा सुतार करवत-रंधा घेऊन कामावर जात असतो. मागून भरधांव मालट्रक येतो आणि घरचा कर्ता पुरुष क्षणांत रस्त्यावर आडवा होतो. बायको आक्रोश करीत सरकारी दवाखान्यांत धांवते. प्रेत अजून शवविच्छेदनाच्या खोलींतून बाहेर आलेलें नसतें, तोंच ट्रकमालकाचा एक गोडबोल्या माणूस तेथें हजर होतो. "झालें तें वाईट झालें, पण गेलेला माणूस कांहीं परत येत नाहीं. हे पन्नास हजार घ्या, दिवसकार्य उरका, कोर्टकचेरीच्या नादीं लागूं नका," असें म्हणून तो एक लिहिलेला कागद पुढें करतो. गांवचाच एखादा शहाणा मान डोलावून म्हणतो, "घे बाई, हातचें सोडून पळत्याच्या पाठीं लागूं नये." आणि ती माउली रडतां रडतां त्या कागदावर अंगठा उठविते.

कागदावर काय लिहिलें आहे हें तिला कोणी वाचून दाखवीत नाहीं. आमची कोणाविरुद्ध तक्रार नाहीं आणि यापुढें कांहीं मागणें नाहीं, एवढाच त्याचा मथितार्थ असतो. अशा कागदानें हक्क आपोआप बुडतो असें नाहीं; पण पुढें दावा लावला कीं तोच कागद तिच्यापुढें धरला जातो. २०२२ या एका सालीं भारतांत रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मेलीं. त्यांपैकीं पंधरा हजारांहून अधिक एकट्या महाराष्ट्रांतलीं. रस्त्याच्या कडेनें पायीं चालणारा, सायकलीवर वा दुचाकीवर जाणारा, म्हणजे आमचाच माणूस यांत फार मरतो. म्हणून या विषयावर आज स्पष्ट लिहिणें आम्हांस भाग आहे.

प्रथम एक गोष्ट मनाशीं पक्की करा. अपघाताची भरपाई ही मालकानें दयेनें घातलेली भीक नव्हे. तो कायद्यानें दिलेला हक्क आहे. त्या हक्काची किंमत किती, हें समजल्यावांचून सौदा करूं नये. सर्वोच्च न्यायालयानें २००९ आणि २०१७ सालच्या निकालांत हिशेबाची रीत घालून दिली आहे. ज्याला बैलाचा बाजार कळतो त्याला हीही कळेल.

समजा, ३५ वर्षांचा सुतार गेला. मागें बायको, दोन मुलें आणि म्हातारी आई. त्याची कमाई महिना १५,००० रुपये धरूं. वय चाळिशीच्या आंत, तेव्हां पुढें ही कमाई वाढली असती म्हणून शेंकडा ४० मिळवावयाचे, झाले २१,०००. खाणारीं तोंडें चार, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करावयाचा, राहिले १५,७५०. वर्षाचे झाले १,८९,०००. ३५ वर्षांच्या वयाला न्यायालयानें १६ चा गुणक ठरविला आहे. त्यानें गुणिलें म्हणजे ३०,२४,००० रुपये होतात. यावर पतीच्या वा बापाच्या सहवासाला मुकल्याबद्दल, अंत्यविधीबद्दल आणि मालमत्तेच्या हानीबद्दल ठरीव रकमा. शिवाय अर्जाच्या तारखेपासून व्याज देण्याचा अधिकारही न्यायाधिकरणाला आहे. मृताची स्वतःची चूक शाबीत झाली तर त्या प्रमाणांत रक्कम कमी होईल, हें खरें. तरी पन्नास हजार कोठें आणि तीस लाख कोठें! बैल विकतांना चार बाजार हिंडणारे आम्ही माणसाच्या जिवाचा सौदा मात्र शवागाराच्या दारांत उभ्या उभ्या उरकतों!

कोणी म्हणेल, एवढी रक्कम तो गरीब ड्रायव्हर कोठून देणार? पण ती ड्रायव्हरनें द्यावयाचीच नसते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक वाहनाचा तिऱ्हाइताच्या नुकसानीबद्दल विमा उतरविणें सक्तीचें आहे. मालकानें हप्ता भरलेला असतो तो याच दिवसासाठीं. ड्रायव्हरजवळ खरा परवाना नव्हता ही सबबसुद्धां बहुधा तुमच्या आड येत नाहीं; कंपनीनें आधीं तुमची भरपाई द्यावी आणि मग मालकाकडून वसूल करावी, असा मार्ग सर्वोच्च न्यायालयानें २००४ सालीं दाखविला आहे. गाडीचा विमाच नसेल तर मालक स्वतः जबाबदार. आणि ट्रकवरचा ड्रायव्हर किंवा क्लीनर हीं तरी कष्टकऱ्यांचींच पोरें! कामावर असतां तीं मेलीं वा जायबंदी झालीं तर कामगार-भरपाईच्या कायद्याखालीं मालकाकडून भरपाई मागतां येते. मात्र दोन्ही कायद्यांखालीं हक्क पोंचत असेल तर मार्ग एकच निवडावा लागतो.

"आमच्याजवळ पगाराची चिठ्ठी नाहीं, मग कमाई कशी सिद्ध करणार?" हा प्रश्न आम्हांला नेहमीं विचारला जातो. त्याचें उत्तरही न्यायालयानेंच दिलें आहे. पाय तुटलेल्या एका भाजीविक्याच्या दाव्यांत २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, असल्या धंद्यांतल्या माणसाकडून कमाईचे कागद मागणें वाजवी नव्हे. तरी सात-बारा, बाजार समितीच्या पावत्या, दूध-संस्थेचें पुस्तक, ज्याच्याकडे काम केलें त्याची साक्ष, जें असेल तें जपून ठेवा.

जायबंदी झालेल्या कारागिरानें एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. डॉक्टरच्या दाखल्यावर शेंकडा साठ अपंगत्व लिहिलें म्हणून कमाईही तेवढीच बुडाली असें होत नाहीं. डावा हात गेलेल्या सुताराची कमाई जवळजवळ संपूर्ण बुडेल, पण त्याच हातावांचून कचेरींतल्या कारकुनाची नोकरी कदाचित् टिकेल, हा भेद सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालीं उदाहरण देऊन मांडला. म्हणून न्यायाधिकरणापुढें केवळ दाखला ठेवून थांबूं नका; तुमचा धंदा कोणता आणि त्या अवयवावांचून तो कां चालत नाहीं, हें साक्षींत सांगा. आणि अपघातांत घरची बाई गेली तर "ती काय कमावीत होती?" असें कोणी म्हणूं लागला तर त्याला बजावा कीं, घरांत राबणाऱ्या स्त्रीच्या श्रमाला पैशांत किंमत आहे, असें त्याच न्यायालयानें २०२१ च्या जानेवारींत पुन्हां ठांसून सांगितलें आहे. पहांटे जात्यापासून रात्रीं चुलीपर्यंत राबणारीला फुकट समजणें हा आपल्याच घरांतला अन्याय आहे.

आतां करावयाचें काय? पहिलें काम जीव वाचविण्याचें. २०२५ च्या मे महिन्यांत निघालेल्या योजनेप्रमाणें अपघातग्रस्ताला नेमलेल्या दवाखान्यांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार रोख पैसे न भरतां मिळावयाचा आहे. तो मागून घ्या. जखमीला उचलून नेणाऱ्यास पोलीस छळतील ही भीतीही नको. २०१९ च्या दुरुस्तीनें अशा मदतनिसाला कायद्याचें संरक्षण दिलें आहे. दुसरें काम गाडीचा क्रमांक टिपण्याचें. तिसरें, पोलिसांत फिर्याद नोंदवून तिची नक्कल घेण्याचें. घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, दवाखान्याचीं बिलें आणि औषधांच्या पावत्या एका पिशवींत घालून फडताळांत ठेवा. गाडीचा मालक कोण आणि विमा कोणत्या कंपनीचा, ही माहिती ठरीव फी घेऊन देणें पोलिसांवर आणि वाहन नोंदणीच्या कचेरीवर बंधनकारक आहे. पोलिसांनीं तीन महिन्यांच्या आंत अपघाताचा अहवाल तयार करून दावा न्यायाधिकरणाकडे पाठवावयाचा असतो. तो गेला कीं नाहीं, याची चौकशी करीत रहा.

मुदतीविषयीं फार सावध रहा. १ एप्रिल २०२२ पासून अंमलांत आलेल्या दुरुस्तीप्रमाणें भरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आंत करावयाचा आहे. या मुदतीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयांत तक्रारी गेल्या, आणि केवळ उशीर झाला म्हणून अर्ज फेटाळूं नयेत असा अंतरिम आदेश २०२५ च्या नोव्हेंबरांत झाला. पण अंतरिम आदेशाच्या भरंवशावर स्वस्थ बसणें म्हणजे ढग पाहून घागर फोडण्यासारखें आहे. वर्षश्राद्ध झाल्यावर वकील गांठूं, असें म्हणणाऱ्यांचें घर बुडतें. अर्ज परमुलखांत जाऊन करावा लागत नाहीं. अपघात कोठेंही झाला तरी आपण राहतों त्या जिल्ह्यांतील न्यायाधिकरणाकडे तो करतां येतो.

चूक कोणाची हें सिद्ध न करतां मृत्यूबद्दल ५ लाख व गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मिळण्याची सोयही कायद्यांत आहे. ती रक्कम लवकर मिळते म्हणून कंपनीचा माणूस ती घेण्याचा आग्रह करील. पण ती स्वीकारली कीं मोठ्या भरपाईचा दावा संपतो. म्हणून वरच्यासारखा हिशेब आधीं मांडा, मग हात पुढें करा. ट्रक ठोकर देऊन पळाला आणि त्याचा पत्ताच लागला नाहीं, तरी वाट बंद होत नाहीं. अशा वेळीं मृत्यूबद्दल २ लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल ५० हजार रुपये सरकारी योजनेंतून मिळतात. त्याचा अर्ज प्रांत किंवा तहसीलदार यांच्याकडे द्यावयाचा असतो.

आतां थोडें आमच्याच लोकांना सुनावितों. लग्नाचें वऱ्हाड टेंपोंत कोंबणें, ऊसतोडीचीं बायकामुलें भरल्या ट्रॉलीवर बसविणें, ही रीत अजून सुटत नाहीं. मालगाडींत फुकट बसलेल्या उतारूचा भार विमा कंपनीवर पडत नाहीं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें २००२ सालींच दिला आहे. आपल्या मालाबरोबर बसलेल्या मालधन्याची गोष्ट वेगळी. चार पैसे वांचविण्यासाठीं आपण जीव तर धोक्यांत घालतोंच, पण मागें राहणाऱ्यांचा आधारही स्वतःच्या हातानें तोडतों.

शेवटीं दलालांविषयीं. दवाखान्याच्या आवारांत हे लोक गिधाडांसारखे घिरट्या घालतात. "तुम्ही कांहीं करूं नका, मिळेल त्यांत निम्मे आमचे," असा त्यांचा करार असतो. आंधळें दळतें आणि कुत्रें पीठ खातें, त्यांतली ही गत! वकिलानें भरपाईंत हिस्सा ठरवून काम घेणें बार कौन्सिलच्या नियमांनीं मना आहे, हें त्यांना तोंडावर सांगा. वकील देण्याची ऐपत नसेल तर जिल्हा न्यायालयांत विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया, मुलें, अनुसूचित जातिजमातींचे लोक, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना १९८७ च्या कायद्याप्रमाणें तेथें उत्पन्न न पाहतां फुकट वकील मिळतो; इतर गरिबांनाही उत्पन्नाच्या मर्यादेंत मिळतो. रक्कम हातीं आली कीं दीर-भावजयींचे तंटे सुरू होतात आणि विधवेच्या हाताला चूल तेवढी राहते, हेंही आम्ही पाहतों. तिचा आणि मुलांचा वांटा त्यांच्याच नांवानें बँकेत मुदतीच्या ठेवींत ठेवावा, अशी विनंती न्यायाधिकरणाला करा. न्यायालयें असे आदेश देत आलीं आहेत.

कायदा पुस्तकांत आहे, न्यायाधिकरण जिल्ह्याच्या गांवीं आहे, वकील फुकट मिळतो. उणीव आहे ती वेळेवर सांगणाऱ्या एका माणसाची. प्रत्येक गांवांत शिकलेलें एक तरी पोर असतें. अशा प्रसंगीं त्यानें दवाखान्यांत जावें, त्या बाईशेजारीं बसावें आणि पुढें केलेला कागद तिला मोठ्यानें वाचून दाखवावा. तेवढें झालें तर तिचा अंगठा फुकट उठणार नाहीं.