लघुउद्योजक आणि कायद्याचे व्यवहारी शिक्षण

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. म्हणीत तथ्य आहे. परंतु तिचा अर्थ ‘कायद्याच्या वाटेलाच जाऊ नये’ असा घेतला गेला आणि त्याची किंमत नेहमी दुबळ्या पक्षाने मोजली. कोर्टाची पायरी टळते ती कायदा ठाऊक असल्याने, अज्ञानाने नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

इतिहासाचे अभ्यासक या नात्याने आम्हांस येथे आपल्या गावाच्या नावाचेच दुसरे सुपे आठवते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील त्या सुप्यात शेतकरी सावकारांविरुद्ध उठले आणि उठावाचे लोण आपल्या पारनेर तालुक्यातही पोहोचले. त्यांचा रोख प्रामुख्याने कर्जरोख्यांवर होता. न वाचता उठविलेला अंगठा पुढे न्यायालयात आपल्याच विरुद्ध साक्ष देतो, हे त्यांनी भोगले होते. पुढे १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांत शेतकऱ्याचे दस्त ग्रामनिबंधकासमोर करण्याची आणि फेडलेल्या रकमेची पावती देण्याची तरतूद केली.

आज सावकाराचा वाडा नाही, पण न वाचलेला कागद आहेच. आणि पुष्कळदा तर कागदच नाही. नगर-पुणे महामार्गालगतच्या सुपा औद्योगिक वसाहतीभोवती फॅब्रिकेशनची शेड, जॉबवर्कचे यंत्र, टेम्पो, खानावळ अशा लहान धंद्यांवर अनेक कुटुंबे उभी आहेत. त्यांत आपले माजी विद्यार्थीही आहेत. काम फोनवरच्या शब्दावर घेतले जाते, माल पोहोचतो, बिल मात्र महिनोन् महिने अडकते. कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. अशा वेळी बुडते ते पहिल्या पिढीच्या उद्योजकाचे. कारण पाठीशी वडिलोपार्जित भांडवल नसते.

वस्तुतः कायदा त्याच्या बाजूने आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ नुसार नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उत्पादकाचे किंवा सेवा देणाऱ्याचे देणे, करार काहीही असला तरी, ४५ दिवसांच्या आत चुकते करावे लागते. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते आणि सुलभीकरण परिषदेकडे दाद मागता येते. ‘उद्यम’ नोंदणी विनामूल्य आहे. ती काम घेण्यापूर्वीच करावी. धनादेश न वटल्यास बँकेची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. ‘आज देतो, उद्या देतो’ ऐकण्यातच ही मुदत निघून जाते.

कोणी म्हणेल, यासाठी वकील आहेत. आहेत, पण माणूस त्यांच्याकडे पोहोचतो तो मुदत टळल्यावर, हाती कागद नसताना. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे : मोठ्या कंपनीविरुद्ध तक्रार केली तर पुढचे काम कोण देईल? ही भीती कोणताही कायदा पुसू शकत नाही. म्हणूनच कायद्याचे शिक्षण भांडणानंतर नव्हे, कामाआधी उपयोगी पडले पाहिजे. लेखी ऑर्डर, माल पोहोचल्याची सही, तारखेचे बिल एवढ्याने तक्रारीची वेळच पुष्कळदा येत नाही.

बाबासाहेबांनी १९२५ ते १९२८ या काळात मुंबईच्या बाटलीबॉय अकौंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकविला. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५३ मध्ये वाणिज्य आणि १९५६ मध्ये विधी महाविद्यालय सुरू केले. संविधानाचे शिल्पकार म्हणून आपण त्यांना वंदन करतो. व्यापारी कायद्याचे हे अध्यापक मात्र आपल्या स्मरणातून निसटले आहेत.

आमची सूचना साधी आहे. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना आठवड्यातून एक तास बिल, करारपत्र, भाडेचिठ्ठी आणि नोटीस वाचावयास व लिहावयास शिकवावे. वर्षातून एकदा तालुका विधी सेवा समितीच्या वकिलांना पाचारण करून पालक व माजी विद्यार्थ्यांचे शिबिर घ्यावे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाने अनुसूचित जाती-जमातींना व स्त्रियांना उत्पन्नाची अट न घालता मोफत विधी साहाय्याचा हक्क दिला आहे, हेही तेथे सांगावे.

आपल्या शाळेने मुलांच्या अंगठ्याची सही केली. आता सही करण्यापूर्वी वाचण्याची सवय लावणे, हे तिचे पुढचे काम आहे.