रविवारचा धावदोरा

रविवारी दुपारी दोन ते पाच माझा मोबाइल सायलेंटवर असतो. मल्टिप्लेक्स? छे. डेट? तेवढं नशीब कुठलं! मी कोथरूडमधल्या एका काकूंच्या हॉलमध्ये फरशीवर मांडी घालून गोधडी शिवत असते. हसू नका.

झालं असं, की आजी गेल्यावर तिची सात नऊवारी लुगडी माझ्या वाट्याला आली. वन-रूम-किचनमध्ये ट्रंकेला जागा नाही आणि टाकवतही नाहीत. मैत्रीण म्हणाली, गोधडी करून घे. मी रीतसर 'ऑर्डर' द्यायला काकूंकडे गेले. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि हातात सुई दिली. "आजी तुझीच ना? मग बस."

आम्ही नऊजणी आहोत. तीन आयटीवाल्या, एक सीए, दोन रिटायर्ड शिक्षिका, मी, आणि मागच्या वस्तीतल्या दोन मावश्या. मावश्या आठवडाभर चार घरची धुणीभांडी करतात आणि रविवारी आमच्या गुरू असतात. गोधडी नवीन कापडाची का नको, हे मोठ्या मावशीनं मला एका वाक्यात शिकवलं : "नवं कापड बोट खातं." शेकडो वेळा धुतलेलं लुगडं मऊ पडलेलं असतं, सुई सहज जाते. शिवाय नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि सगळी गोधडी गोळा होते. माझे जुने टी-शर्ट मात्र तिनं बाजूला फेकले. ते ताणतात.

खाली एक लुगडं, मध्ये जुन्या चादरींचे थर, वर आजीचं हिरवं इरकली. सुरकुत्या काढायच्या, कोपऱ्यांवर वरवंटा नाहीतर डिक्शनरी ठेवायची, लांब कच्चे टाके घालून थर पकडायचे आणि मग कडेपासून आत आत धावदोरा. एकदा शहाणपणा करून मी घरी एकटीच बसले, तर मधोमध पुरीसारखा फुगा! चौघी चार बाजूंना बसल्या की कापड आपोआप ताणलेलं राहतं. म्हणून तर हे काम घोळक्याचं. बॉसच्या नावानं बोटं मोडण्यापासून सासूच्या गुडघ्यांपर्यंत सगळं त्या टाक्यांत जातं.

आणि मग पैसा आला. आमच्यातल्या एकीनं फोटो इन्स्टाग्रामवर टाकला आणि दोन दिवसांत सहा हजारांची ऑर्डर. पार्टी झाली, सामोसे आले. मावशीला नेहमीसारखे आठशे दिले. पुढच्या रविवारी मावश्या आल्याच नाहीत. तिसऱ्या रविवारी धाकटी एकटी आली आणि दारातूनच म्हणाली, "ताई, तुमचा टाइमपास आहे. आमचा रविवारचा खाडा आहे."

हॉलमध्ये शांतता. खरं सांगू? मलाही तोवर वाटत होतं, की आपण किती छान, सगळ्यांना एका सतरंजीवर बसवलंय.

हा वाद काही आपल्याच गल्लीतला नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या विलकॉक्स काउंटीत १९६६ मध्ये कृष्णवर्णीय बायकांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था काढली. मतदार म्हणून नाव नोंदवलं, एवढ्यावरून तिथे अनेकांची राहती घरं आणि कामं गेली होती. हातात होती ती सुई. त्याच काउंटीतल्या जीज बेंड गावाच्या गोधड्या २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमच्या भिंतीवर लागल्या, २००६ मध्ये टपाल तिकिटांवर आल्या. आणि २००७ मध्ये त्यातल्या काहीजणी कोर्टात गेल्या. म्हणणं साधं होतं : कौतुक झालं, आमचा हिस्सा कुठाय? पुढच्या वर्षी प्रकरण मिटलं. म्युझियमपर्यंत पोचूनही प्रश्न तोच, तर आमचे सामोसे काय चीज!

आमच्या सीएबाईंनी वही काढली. कोण किती तास बसलं, ते लिहायचं. विक्रीच्या गोधडीचे पैसे तासांप्रमाणे वाटायचे. शिक्षिका काकू रुसल्या, "मैत्रीत कसला हिशोब?" एका गिऱ्हाइकानं नवा भाव ऐकून फोन ठेवला. गेलं तर गेलं. मावश्या परत आल्या.

माझी गोधडी गेल्या रविवारी संपली. तिच्यात मोठ्या मावशीचे अकरा तास आहेत, वहीत लिहिलेत. तिचे टाके तांदळाच्या दाण्यांसारखे, माझे शेवयांसारखे. मी पाकीट पुढे केलं, तर ती घेईना. "अगं, तुझ्या आजीचं लुगडं आहे. हे विकायचं थोडंच आहे?"

मी म्हटलं, "मावशी, वही."

तिनं काकूंकडे पाहिलं. काकू सुईत दोरा ओवण्यात भलत्याच गुंग. मग मावशीनं पाकीट उघडलं, नोटा मोजल्या, पुन्हा एकदा मोजल्या आणि पन्नास रुपये मला परत दिले. मी बेरीज चुकले होते.