धोब्याचा गाल

आमच्या घरी दोन वह्या आहेत. एक कपडे धुणाऱ्या धोब्याच्या हिशेबाची. ती हिच्या ताब्यात. दुसरी मी पाहिलेल्या पक्ष्यांची. दोन्हींत धोबी आहे, आणि दोन्हींत मोजणीचा घोळ!

गेल्या दिवाळीत जळगाव जिल्ह्यातल्या हतनूर धरणाच्या काठी दोन पांढरे धोबी शेपटी हलवीत हिंडताना दिसले. उत्तरेकडून येणारे हे हिवाळी पाहुणे. एकाचे गाल पांढरे. दुसऱ्याच्या तोंडावर जणू काळा बुरखा. वहीत तेव्हा १९९ जाती होत्या, आणि पांढरा धोबी त्यांत जुनाच. बुरखेवाल्याला वेगळा आकडा दिला की द्विशतक! मी तो दिला आणि पेढेही आणले.

भाऊबीजेला धुळ्याहून भाचा आला. वही चाळून म्हणाला, "मामा, ह्या तर एकाच जातीच्या दोन उपजाती. पांढऱ्या गालाच्या उपजातीला साइक्सने १८३२ साली आपल्या दख्खनचेच नाव दिले. त्यांना दोन आकडे कसे?"

"अरे, आपला हळद्यासुद्धा युरोपातल्या हळद्याची उपजात मानला जाई. आता बऱ्याच याद्यांत तो स्वतंत्र जात आहे. उद्या धोब्याचेही तसेच होईल."

"मग उद्या मोजा! माझ्या निबंधातले अहिराणी शब्द तुम्ही लाल शाईने खोडायचात. म्हणायचात, ती मराठीचीच बोली, तिला वेगळी कशाला मोजायची?"

मराठीचा प्राध्यापक गप्प बसला. २०११ च्या जनगणनेत 'खानदेशी' मराठीहून वेगळी मोजली आहे, अहिराणी तिच्यात धरून. बोलणारे अठरा लाखांवर. एका पाखराच्या काळ्या गालाला मी आकडा दिला होता, आणि अठरा लाखांच्या जिभेला लाल शाई!

त्या रात्री मी द्विशतक खोडले. पण धोब्याच्या ओळीखाली दोन पोटओळी लिहिल्या: पांढरे गाल, काळा बुरखा, तारीख आणि जागा. आकडा जातीचा, नोंद मात्र प्रत्येकाची. उद्या शास्त्रज्ञांनी जात फोडलीच, तर ही ओळ तेवढी वर सरकेल. जे लिहूनच ठेवले नाही, ते पुढे कोण मोजणार?

निबंधातला अहिराणी शब्दही आता मी खोडत नाही. शेजारी पेन्सिलीने त्याचे गाव विचारतो.

राहता राहिले पेढे. ते हिच्या वहीत खर्ची पडले आहेत, आणि तिथे खाडाखोड चालत नाही.