शुक्रजंतूंची पारख आणि पत्रकातला एक खरा आकडा

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी सकाळी माझा पुतण्या आणि सूनबाई दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आली, ती एक जाडजूड फाईल घेऊन. चहा होईपर्यंत इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मग पुतण्याने फाईलीतून एक गुळगुळीत, चौरंगी पत्रक काढून माझ्यापुढे सरकवले. "काका, तुम्ही शास्त्राचं वाचता. हे खरं का खोटं तेवढं सांगा."

मी डॉक्टर नव्हे. तीस वर्षे शाळेत पदार्थविज्ञान शिकवले, त्यामुळे आकड्यांची भीती तेवढी गेली आहे. पत्रक एका दवाखान्याचे होते. त्याचे नाव येथे सांगत नाही, कारण असली पत्रके एकाच दवाखान्याची नसतात. त्यात म्हटले होते की शुक्रजंतूंची 'शास्त्रीय निवड' करून उपचार केल्यास गर्भपाताचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटते, आणि पुरावा म्हणून लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाचे नाव दिले होते. या निवडीची फी वेगळी होती. पुतण्याच्या महिन्याच्या पगाराहून ती थोडी अधिकच भरत होती.

दोघांच्या लग्नाला सहा वर्षे झाली आहेत. मागच्या खेपेला सूनबाईला दिवस राहिले होते, ते नवव्या आठवड्यात गेले. तेव्हा 'गर्भपात' हा शब्द तिने कसा वाचला असेल आणि ३९ हा आकडा तिला कसा दिसला असेल, हे मला कोणी सांगण्याची गरज नव्हती. मी पत्रक ठेवून घेतले आणि मूळ निबंध शोधून वाचायला बसलो. वाचकांपैकीही कित्येकांच्या घरात अशीच एखादी फाईल असेल म्हणून हे लिहितो आहे.

प्रथम ही निवड कशाची आणि कशासाठी ते पाहू. निसर्गात कोट्यवधी शुक्रजंतू निघतात आणि स्त्रीबीजाच्या आसपास पोचतात ते काही शेकडा. वाटेतले अडथळे हीच निसर्गाची चाळणी. या जंतूंची ठेवण मुळातच फार उधळमाधळ असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे शंभरांत चार जंतू घडणीने धड असले तरी तो पुरुष सामान्य मर्यादेत बसतो. उरलेल्या शहाण्णवांत कोणाचे डोके वाकडे, कोणाची शेपटी दुमडलेली. १९७८ साली इंग्लंडमध्ये ल्युईझ ब्राउन जन्मली आणि १९८६ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून हर्षा जन्मली, त्या पद्धतीत बशीतल्या स्त्रीबीजाभोवती हजारो शुक्रजंतू सोडून द्यायचे आणि शेवटची झुंज त्यांच्यावरच सोपवायची असा रिवाज होता. म्हणजे चाळणी लहान झाली, पण शिल्लक होती.

१९९२ साली ब्रुसेल्समध्ये जांपिएरो पालेर्मो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच शुक्रजंतू काचेच्या सुईत घेऊन थेट स्त्रीबीजात सोडला आणि त्यातून गर्भ राहिल्याचे जाहीर केले. हीच 'इक्सी'. ज्या पुरुषांचे शुक्रजंतू मोजकेच होते किंवा हालचालच करीत नव्हते, त्यांना हिने बाप केले. तिचे हे ऋण मोठे आहे. परंतु हिने निसर्गाची चाळणी पार काढून टाकली. आता कोणता जंतू आत जाणार हे सूक्ष्मदर्शकाशी बसलेला तंत्रज्ञ ठरवतो, आणि तो ठरवतो कशावरून, तर सुमारे चारशे पट मोठ्या दिसणाऱ्या ठिपक्याच्या रूपावरून आणि चालीवरून. डोक्यातल्या जनुकद्रव्याचे तुकडे झालेत की ते शाबूत आहे, हे रूपावरून कळत नाही. मुलगी बघायला गेलेली मंडळी चहाच्या कपाच्या धरण्यावरून संसाराचे भविष्य सांगत, त्यातलाच हा प्रकार.

ही उणीव भरून काढण्याकरिता गेल्या वीस-पंचवीस वर्षांत अनेक युक्त्या निघाल्या. इस्राएलमधल्या बार्तूव यांनी सहा हजार पटींहून अधिक मोठे करून जंतूच्या डोक्यातले खळगे पाहण्याची पद्धत काढली. तिला 'इम्सी' म्हणतात. मरणोन्मुख जंतूंना लोहकण चिकटवून चुंबकाने बाजूला ओढणे ही दुसरी. अतिसूक्ष्म छिद्रांतून किंवा पन्हळींतून जे पोहून पार होतील तेवढेच घेणे ही तिसरी. चौथी 'पिक्सी', आणि माझ्या पुढ्यातले पत्रक हिच्याच जोरावर बोलत होते. हिच्यामागची कल्पना मला मोठी सुंदर वाटते. स्त्रीबीजाभोवती पेशींचे जे चिकट वेष्टण असते, त्यात हायलुरॉनिक आम्ल नावाचे द्रव्य भरपूर असते. पूर्ण वाढलेल्या शुक्रजंतूच्या डोक्यावर त्याला पकडणारे बिंदू असतात, कच्च्या जंतूवर नसतात. तेव्हा बशीत त्या द्रव्याचे ठिपके ठेवावे. जो जंतू तेथे डोके टेकून शेपटी नुसती वळवळत राहील तो पक्का समजावा आणि त्यालाच सुईत घ्यावे. येल विद्यापीठातल्या गाबोर हुसार यांनी हा विचार दीर्घकाळ जोपासला.

कल्पना सुंदर असली म्हणजे मूल होते असे नाही. ब्रिटनमधील संशोधकांनी हा प्रश्न चिठ्ठ्या टाकून सोडवायचे ठरवले, हे त्यांचे मोठेपण. फेब्रुवारी २०१४ ते ऑगस्ट २०१६ या अवधीत १६ केंद्रांतून २,७७२ जोडपी घेतली, आणि कोणाला साधी इक्सी व कोणाला पिक्सी हे केवळ दैवावर सोडले. चिठ्ठ्या का, तर डॉक्टरला निवडू दिले असते तर त्याने नकळत आशादायक जोडपी नव्या पद्धतीकडे वळवली असती आणि यशाचे श्रेय पद्धतीला मिळाले असते. आपला मुख्य प्रश्न त्यांनी आधीच लिहून ठेवला होता: पूर्ण दिवस भरून जिवंत मूल जन्मते की नाही? डेव्हिड मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा निबंध २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला.

पिक्सीच्या १,३८१ जोडप्यांपैकी ३७९ जणांना, म्हणजे शंभरी २७.४ जणांना, पूर्ण दिवसांचे मूल झाले. साध्या इक्सीच्या १,३७१ जोडप्यांपैकी ३४६ जणांना, म्हणजे शंभरी २५.२. फरक सव्वादोनांच्या आतला, आणि दोन्ही पद्धती अगदी सारख्या असत्या तरीही निव्वळ योगायोगाने पडू शकेल इतका. म्हणून मुख्य प्रश्नाचे उत्तर असे आले की पिक्सीने जास्त मुले होतात हे सिद्ध झाले नाही.

मग ३९ कुठून आले? तेही त्याच निबंधात आहे. गर्भपात पिक्सीच्या बाजूला ६० झाले आणि इक्सीच्या बाजूला ९६. म्हणजे शंभर जोडप्यांत ४.३ आणि ७.०. सातांतून पावणेतीन गेले की एकोणचाळीस टक्क्यांच्या आसपास घट होते. पत्रकातला आकडा खरा आहे! नुसता खोटा आकडा असता तर मी त्याच संध्याकाळी पुतण्याला फोन करून मोकळा झालो असतो. येथे आकडा खरा, साप्ताहिक खरे, आणि तरीही पत्रक वाचणाऱ्याची समजूत खोटी होते.

एक तर शंभर जोडप्यांमागे तीनाहून कमी गर्भपात टळले, असे लिहिले असते तर तीच गोष्ट किती वेगळी दिसली असती! दुसरे, ज्या प्रश्नासाठी हा सगळा खटाटोप केला त्याचे उत्तर पत्रकाने गाळले. आणि तिसरे जरा बारीक आहे. एकाच प्रयोगात मुख्य प्रश्नाखेरीज पाच-सहा उपप्रश्न विचारले की त्यांपैकी एखाद्याचे उत्तर योगायोगानेही ठसठशीत येऊ शकते. उपप्रश्नाचे उत्तर हे पुढच्या प्रयोगाचे बीज असते, त्याला निकाल म्हणत नाहीत.

तथापि दुसऱ्या टोकालाही जायला नको. 'पिक्सी म्हणजे शुद्ध थोतांड' असे एका मित्राने मला ऐकवले; ते निबंधावरून निघत नाही. गर्भपातातली घट योगायोगाने पडण्याचा संभव फार कमी आहे, आणि जिवंत जन्मांतली वाढही त्याच दिशेला आहे. त्याच संशोधकांनी २०२२ साली केलेल्या छाननीत असे सुचवले आहे की फायदा असलाच तर तो वयाने मोठ्या स्त्रियांत असावा. तरुण स्त्रीबीज शुक्रजंतूच्या जनुकद्रव्यातली मोडतोड स्वतःच दुरुस्त करते, आणि वयाबरोबर ती शक्ती उणावते. तर्क पटण्यासारखा आहे. पण मागाहून केलेल्या छाननीवर विश्वास किती टाकावा हा प्रश्न उरतोच. आणि आमची सूनबाई एकतीस वर्षांची आहे.

ज्या इक्सीवर ही कलमे लावली जातात, तिची स्वतःची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. व्हिएतनाममध्ये हो चि मिन्ह शहरी १,०६४ जोडप्यांवर असाच चिठ्ठ्यांचा प्रयोग झाला आणि २०२१ साली तो 'लॅन्सेट'मध्येच आला. यातल्या पुरुषांचे शुक्रजंतू संख्येने आणि चालीने ठीक होते. पहिल्या गर्भरोपणानंतर इक्सीने ३५ टक्के आणि साध्या बशीच्या पद्धतीने ३१ टक्के जन्म झाले. हाही फरक योगायोगात जमा. म्हणजे पुरुषात दोष नसेल तर सुईचीही गरज सिद्ध होत नाही. पुतण्याच्या बाबतीत दोष आहे, तेव्हा त्याला सुई हवीच.

हा दोष कळायला चार वर्षे लागली, हे मात्र शास्त्राच्या माथी मारता येणार नाही. त्या चार वर्षांत सूनबाईच्या तीन तपासण्या झाल्या, पिंपळाला प्रदक्षिणा झाल्या, सोळा सोमवार झाले. पुतण्याची तपासणी एका लहान बाटलीची आणि तासाभराची, ती कोणाला सुचली नाही. आपल्या भाषेत 'वांझ' आणि 'वांझोटी' हे शब्द शिवीसारखे तयार आहेत. पुरुषाला लावायला रोजच्या बोलण्यातला तसा शब्द मला शोधूनही सापडला नाही. 'नपुंसक' म्हणतात, पण त्याचा अर्थ वेगळा, आणि शुक्रजंतू कमी असलेला माणूस बहुधा तसा नसतो. वास्तविक या बडोद्याला अपत्यहीनतेची लाज वाटण्याचे कारण नाही. १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी नाशिककडच्या कवळाणे गावचा एक मुलगा दत्तक घेतला म्हणून आपल्याला सयाजीराव मिळाले. असो.

त्या रविवारी आमच्या वहिनीही आल्या होत्या. 'निवड' हा शब्द कानी पडताच त्या म्हणाल्या, "निवडायचंच आहे तर मुलगाच निवडून घ्या की!" थट्टाच केली त्यांनी, पण खोलीत कोणी हसले नाही. ही थट्टा शास्त्राच्या इतिहासात खरी होऊन गेली आहे. १९७३ साली रोनाल्ड एरिक्सन यांनी दाट द्रवाच्या थरांतून पोहायला लावून मुलग्याचे शुक्रजंतू वेगळे करण्याची रीत प्रसिद्ध केली. पुढे इतरांना तिचा पडताळा नीटसा आला नाही, तरी तिचा धंदा भारतापर्यंत पोचला. गर्भलिंगपरीक्षेविरुद्ध कायदा प्रथम महाराष्ट्राने १९८८ साली केला, देशाने १९९४ साली. आणि २००३ च्या दुरुस्तीने गर्भ राहण्यापूर्वीची ही निवडही गुन्हा ठरवली. २०११ च्या जनगणनेत आपल्या गुजरातेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९० मुली होत्या, हे ज्याला ठाऊक आहे त्याला कायद्याचे कारण विचारावे लागणार नाही. तरी प्रयोग थांबलेले नाहीत. मुलीचा शुक्रजंतू जनुकद्रव्याने जेमतेम पावणेतीन टक्के जड असतो; तेवढ्या फरकावर चाळून हव्या त्या लिंगाचे गर्भ सुमारे ऐंशी टक्के मिळाल्याचा दावा २०२३ साली न्यूयॉर्कहून आला, आणि तो करणाऱ्यांत इक्सीचे जनक पालेर्मो आहेत. गाईंच्या बाबतीत हीच चाळणी सरकार स्वतः देते. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीम येथे पंतप्रधानांच्या हस्ते तिच्या देशी तंत्राचा आरंभ झाला. तिथे कालवडी हव्या असतात, नर नको असतो.

मूळ प्रश्नाकडे येतो. ब्रिटनमध्ये या उपचारांवर देखरेख ठेवणारे सरकारी मंडळ अशा वरकड उपचारांना पुराव्याप्रमाणे रंग देऊन ती यादी लोकांपुढे ठेवते. आपल्याकडे २०२१ च्या कायद्याने दवाखान्यांची नोंदणी आणि जोडप्यांना यशाची शक्यता, खर्च व धोके समजावून सांगणे बंधनकारक केले आहे. पण वरकड उपचारांची अशी रंगांची यादी मला कोठे दिसली नाही, आणि ३९ टक्क्यांचे पत्रक हे 'समजावून सांगणे' धरायचे काय? माझ्या मते नाही. जोवर दवाखाना दोन्ही बाजूंच्या शंभर जोडप्यांचे काय झाले ते सांगत नाही, तोवर त्याने फी वेगळी लावू नये. प्रयोग करायचा तर चिठ्ठ्या टाकून करावा आणि त्याचा खर्च प्रयोग करणाराने सोसावा.

हे सगळे मी पुढच्या रविवारी दोघांना सांगितले. पुतण्या गप्प होता. सूनबाईने विचारले, "म्हणजे काका, ते करून घेतलं तर अपाय नाही ना?"

"अपाय दिसलेला नाही," मी म्हणालो.

"आणि नाही करून घेतलं, आणि पुन्हा मागच्यासारखं झालं तर?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि पत्रक छापणाराला हे पक्के ठाऊक असते. मी एवढेच सांगितले की मागच्या वेळी जे झाले ते तिच्यामुळे झाले नव्हते, आणि पुढे काहीही झाले तरी ते न भरलेल्या फीमुळे झाले असे म्हणायला त्या निबंधात आधार नाही. बुधवारी त्यांना पुन्हा दवाखान्यात जायचे आहे. मी पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर २७.४ आणि २५.२ असे दोन आकडे लिहून दिले आहेत. डॉक्टरांना आधी हे दाखवा, मग पुढचे बोलू, असे सांगितले आहे.